जुन्या ख्रिस्ती लिखाणावरून वाद घालायचाय? मग जरा तयारीने घाला

नोव्हेंबर लागला की वसई-विरार पट्ट्यातल्या कॅथलिक घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघतोच निघतो. २ तारखेला मृतांचा दिवस, त्याआधी दफनभूमीतलं गवत काढणं, कबरी धुणं, फुलं, मेणबत्त्या, सगळं रीतसर पार पडतं आणि रात्री नात्यातलाच कोणीतरी, जो मधल्या काळात बिलिव्हर (म्हणजे कॅथलिक चर्च सोडून नव्या प्रोटेस्टंट मंडळीत गेलेला) झालाय, एक इमेज टाकतो की पर्गेटरी, म्हणजे मेल्यानंतर आत्म्याचं शुद्धीकरण होतं ही शिकवण, बायबलात नाहीच, १५६३ साली पोपने काढली. पाच मिनिटांत दुसऱ्या बाजूची इमेज येते, संत ऑगस्टीनचा (चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप) फोटो, खाली पिवळ्या अक्षरात एक ओळ, की बघा हे पण मानत होते. मग पन्नासेक मेसेज, मग कोणाची तरी मावशी दुखावते, मग ॲडमिन ग्रुप बंद करतो आणि दोन्ही पार्ट्या आपणच जिंकलो म्हणून झोपतात.

दोन्ही इमेज अर्धवट आहेत. आणि हा वाद नीट घातला तर फार मजेचा आहे, म्हणून हे लिहितोय. मी स्वतः कॅथलिक, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. पण खाली जे आहे ते दोन्ही बाजूंना वापरता येईल, मालवण-वेंगुर्ल्याच्या कॅथलिक पोरांना पण आणि कोकणातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळींना पण (बाणकोट-हर्णैला स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून होते, म्हणजे हा वाद आपल्या किनाऱ्यावर काही व्हॉट्सॲपने आणलेला नाही). उदाहरण पर्गेटरीचंच घेतो, कारण भांडण बहुतेक वेळा तिच्यावरूनच होतं.

आधी एक वाक्य लिहा, मग तोंड उघडा

पर्गेटरी खरी की खोटी हा एक वाद. पहिल्या पाचेक शतकांतल्या ख्रिस्ती लिखाणात तिला आधार सापडतो का, आणि किती, हा दुसरा वाद. पहिला श्रद्धेचा आहे, दुसरा इतिहासाचा, आणि नव्वद टक्के गोंधळ हे दोन एकात मिसळल्याने होतो. एखादा माणूस पर्गेटरी मानूनही म्हणू शकतो की बाबा जुने पुरावे तुटपुंजे आहेत. उलट एखादा म्हणेल की हो, ऑगस्टीनने तसं लिहिलंय, पण ऑगस्टीन चुकला, मी फक्त बायबल मानतो. हा दुसरा माणूस इतिहासाचा मुद्दा सोडून देतोय, हरत नाहीये, त्याला ओढून परत त्याच मुद्द्यावर आणायचं नाही. म्हणून विषय कागदावर लिहायचा, दोघांनी वाचायचा, हो म्हणायचं आणि मगच सुरू करायचं.

त्यानंतर ज्या शिकवणीवर वाद आहे तिचा स्वतःचा मजकूर समोर ठेवायचा. चर्चने काय ठरवलं ते चर्चच्याच शब्दांत बघायचं, तुमच्या आजीने लहानपणी काय सांगितलं किंवा कॅलेंडरवरच्या चित्रात किती ज्वाळा होत्या ते नाही. ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांची मोठी सभा) डिसेंबर १५६३ मध्ये जो ठराव केला तो वाचला तर लोकांना धक्काच बसतो, इतका छोटा आहे. म्हणणं एवढंच की पर्गेटरी आहे, आणि तिथल्या आत्म्यांना विश्वासू लोकांच्या प्रार्थनांची, खास करून मिस्साबलिदानाची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) मदत होते. ठरावात आगीचा शब्द नाही, किती वर्षं ते नाही, जागा कुठे ते नाही. उलट बिशपांना तंबी दिलीय की अवघड आणि उगाच सूक्ष्म प्रश्न साध्या लोकांपुढच्या प्रवचनात आणू नका, आणि अंधश्रद्धा किंवा पैसे कमवायचा वास येईल असलं काही चालू देऊ नका. त्याच्या आधी फ्लॉरेन्सला १४३९ मध्ये ग्रीक लोकांबरोबर बसून जो मजकूर ठरला त्यातही आग नाही, कारण ग्रीकांना ती मान्य नव्हती, त्यांचा बिशप इफिससचा मार्क तर सहीच न करता परत गेला. त्याच्याही आधी १२७४ ची ल्योंची परिषद आहे, तिनेही मृत्यूनंतरचं शुद्धीकरण मांडलंय.

तर "१५६३ साली काढली" हे पहिल्याच पायरीवर बाद होतं. कॅथलिकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण १२७४ आणि पहिली पाच शतकं यांच्यामध्ये पण बरंच पाणी वाहून गेलंय.

शिकवणीचे तुकडे करा, हे सगळ्यात महत्त्वाचं

जमिनीच्या भांडणात समोरच्याने आजचा सातबारा नाचवला की आपण काय करतो, जुने फेरफार काढतो, कुठली नोंद कुठल्या साली चढली ते एकेक करून बघतो. इथे पण तेच. पर्गेटरी ही एक अखंड वस्तू नाहीये, तिच्यात निदान चार-पाच नोंदी आहेत आणि त्या एका दिवशी चढलेल्या नाहीत. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची, ही एक. त्या प्रार्थनेचा त्यांना खरोखर उपयोग होतो, ही दुसरी, आणि ही पहिलीपेक्षा वेगळी आहे हे लक्षात घ्या, कारण नुसती आठवण म्हणूनही माणूस प्रार्थना करतो. तिसरी, तारण पक्कं झालेल्या पण पुरत्या शुद्ध न झालेल्या माणसाचं मृत्यूनंतर शुद्धीकरण होतं. चौथी, पापाची क्षमा झाली तरी काही शिक्षा भोगायची उरते आणि ती इथे नाहीतर तिथे भोगावी लागते, हे ट्रेंटनेच १५४७ मध्ये वेगळं सांगितलंय. आणि पाचवी म्हणजे इंडल्जन्स, त्या उरलेल्या शिक्षेत चर्चने दिलेली सूट, जिच्यावरून १५१७ मध्ये ल्यूथर उठला.

आता प्रत्येक नोंदीसमोर वेगळा पुरावा मागायचा. कॅथलिक बाजूची नेहमीची चलाखी (नकळत होते, मान्य) ही की पहिल्या नोंदीचा पुरावा देऊन पाचही वसूल करायच्या. प्रोटेस्टंट बाजूची चलाखी बरोबर उलटी, पाचवीला जुना पुरावा नाही हे दाखवायचं आणि पहिली पण खोडून टाकायची. इंडल्जन्सचं म्हणाल तर पहिल्या पाच शतकांत ती आजच्या अर्थाने नाहीच, तिच्यामागचा पुण्याच्या खजिन्याचा (ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याच्या साठ्यातून चर्च सूट देतं) विचार पोपच्या अधिकृत पत्रात येतो तो १३४३ साली, क्लेमेंट सहावा याच्या. कॅथलिक माणसाने हे सुरुवातीलाच मान्य करून टाकावं, बरंच ओझं उतरतं आणि समोरचाही जरा सैल होतो.

कोट आला की तो उघडून बघायचा

इमेजवरचं वाक्य कधीच पुरावा म्हणून घ्यायचं नाही. लेखक कोण, पुस्तक कुठलं, प्रकरण कितवं, साल काय, एवढं विचारायचं आणि नसेल तर नम्रपणे म्हणायचं, "भाऊजी, शोधून आणा, तोवर बाजूला ठेवतो". जुनी भाषांतरं कॉपीराइट संपलेली असल्याने नेटवर फुकट मिळतात, एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत मोठी मालिकाच निघाली होती. दोन गोष्टींची काळजी घ्या. तिच्या तळटीपा प्रोटेस्टंट संपादकांच्या आहेत आणि मधूनमधून रोमला टोमणे आहेत, तळटीप म्हणजे मूळ लेखक नव्हे. दुसरं म्हणजे नंबर जुळत नाहीत, सिप्रियनचं (तिसऱ्या शतकातला बिशप, खाली येतोच) अंतोनियानसला लिहिलेलं पत्र आज ५५ नंबरचं म्हणतात पण त्या मालिकेत ते ५१ वं आहे, आणि यावरून "असं पत्रच नाही" म्हणून भांडलेले लोक मी बघितलेत.

खोटे आणि वाढवलेले कोट दोन्हीकडे आहेत. "रोम बोलली, विषय संपला" हे वाक्य ऑगस्टीनच्या नावावर खपतं, तसं तो बोललेलाच नाही. ४१७ सालच्या एका प्रवचनात, पाखंडी ठरलेल्या पेलाजियसच्या वादाबद्दल, तो म्हणतो की दोन परिषदांचे निर्णय रोमला पाठवले, तिथून उत्तरं आली, प्रकरण संपलं, आता चूकही संपली तर बरं. यात रोमला मान आहेच, पण त्याआधीच्या दोन परिषदा आहेत, त्या इमेजवाल्याने गाळल्या. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप, अंत्युखियाचा इग्नेशियस घ्या, त्याच्या पत्रांची एक छोटी आवृत्ती आहे आणि एक लांबलचक, लांब आवृत्तीतली भर चौथ्या शतकात कोणीतरी घातलेली आहे आणि जुन्या भाषांतरात दोन्ही शेजारीशेजारी छापल्यात, घाईत लांबवालीतून कोट उचलला की तुमचं दुसरं शतक चौथं होऊन बसतं.

कोट खरा निघाला तर त्याच्या मागचं-पुढचं पान वाचायचं. एक नाही, निदान दोन-तीन पानं. इथे मी जरा थांबतो कारण खरा खजिना इथेच आहे.

चार जण, ज्यांच्याशिवाय हा वाद होत नाही

पहिली पर्पेतुआ. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, साल २०३, बाविशीची बाई, पदरी तान्हं मूल, तुरुंगात, थोड्या दिवसांत रिंगणात मारली जाणार. तिने तुरुंगात लिहून ठेवलेलं आपल्यापर्यंत आलंय. तिचा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या भयंकर आजाराने गेला होता. तिला दृष्टांत होतो की तो अंधाऱ्या जागेतून बाहेर येतोय, तहानलेला, तोंडावर तीच जखम, समोर पाण्याचं टाकं आहे पण काठ त्याच्या डोक्यापेक्षा उंच. ती रात्रंदिवस प्रार्थना करते, रडते. मग परत दिसतं, काठ कमरेपर्यंत खाली आलाय, जखमेचा नुसता व्रण उरलाय, तो पाणी पितो आणि लहान मुलांसारखा खेळायला पळतो. ती लिहिते की तेव्हा मला कळलं, त्याची शिक्षेतून सुटका झाली.

कॅथलिक माणूस म्हणणार, झालं की, पहिली, दुसरी, तिसरी सगळ्या नोंदी एका जागी. आता समोरच्याने विचारायचा प्रश्न असा, की पोराचा बाप्तिस्मा झाला होता का? पर्पेतुआचा बाप मूर्तिपूजक, ती स्वतःच नुकती ख्रिस्ती झालेली. बाप्तिस्मा झाला नसेल तर हा पुरावा कॅथलिक शिकवणीच्या पण पुढे जातो, कारण पर्गेटरी तारण झालेल्यांसाठी आहे. हा प्रश्न ऑगस्टीनच्या काळातच निघाला होता आणि त्याने उत्तर दिलं की झालेला असू शकतो, आणि तसंही हे लिखाण पवित्र शास्त्रात मोडत नाही. म्हणजे या कथेतून काय पक्कं मिळतं? २०३ साली कार्थेजमधल्या एका ख्रिस्ती बाईला मेलेल्या भावासाठी प्रार्थना करणं स्वाभाविक वाटत होतं आणि तिने त्याला फरक पडला असं मानलं. हे बरंच आहे, पण एवढंच आहे.

दुसरा टर्टुलियन, त्याच शहरातला, त्याच काळातला. तो लिहितो की विधवा आपल्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते, त्याला विसावा मिळावा म्हणून मागते आणि त्याच्या वर्षदिनाला अर्पण करते. आपल्याकडच्या वर्षाच्या मिस्सेसारखंच वाटतं ना. दुसऱ्या पुस्तकात तो हे पण लिहितो की शेवटची दमडी चुकती होईपर्यंत सुटका नाही हे जे येशू म्हणाला ते अधोलोकात लहान लहान चुकांची भरपाई होण्याबद्दल आहे. पण त्याचा नकाशा वेगळा आहे, त्याच्या मते हुतात्मे सोडले तर सगळेच पुनरुत्थान होईपर्यंत खाली अधोलोकात थांबतात. हा नकाशा नंतरच्या चर्चने स्वीकारला नाही. वरून समोरचा म्हणणार की हा तेव्हा मोंतानिस्ट (चर्चपासून फुटलेल्या एका पंथाचा) झालेला, याचं काय ऐकायचं. त्यावर उत्तर असं की मत त्याचं वेगळं असेल, पण रीत तो सांगतोय ती आजूबाजूला चालू असलेली सांगतोय, तीही वाद घालण्यासाठी नाही तर सगळ्यांना माहीतच आहे अशा थाटात. रीतीचा साक्षीदार म्हणून तो चालतो, सिद्धांताचा साक्षीदार म्हणून अडखळतो. हा फरक वादात फार कामाला येतो, लक्षात ठेवा.

तिसरा सिप्रियन, कार्थेजचाच बिशप, आणि माझ्या मते सगळ्यात चुरशीचा. २५० साली सम्राट डेशियसने सगळ्यांनी देवतांना बळी द्या असा हुकूम काढला, पुष्कळ ख्रिस्ती घाबरून वाकले, नंतर रडत परत आले. त्यांना प्रायश्चित्त देऊन घ्यायचं सिप्रियनने ठरवलं. त्यावर शंका अशी, की असं सहज घेतलं तर उद्या हुतात्मा कोण होईल? तो अंतोनियानसला लिहितो की नाही हो, फरक राहतोच, क्षमेची वाट बघत थांबणं वेगळं आणि सरळ गौरवाला पोचणं वेगळं, तुरुंगात पडून शेवटची दमडी फेडेपर्यंत अडकणं वेगळं आणि लगेच बक्षीस मिळणं वेगळं, पापांसाठी दीर्घकाळ दुःख सोसत आगीने शुद्ध होणं वेगळं आणि हौतात्म्याने सगळी पापं एकदम धुऊन टाकणं वेगळं. कॅथलिकांना हे पर्गेटरीचं जवळजवळ चित्रच वाटतं. पण आख्खं पत्र वाचलं तर विषय या जगातल्या प्रायश्चित्ताचा आहे, आणि आग-तुरुंग ही त्या लांबलचक प्रायश्चित्ताची वर्णनं असू शकतात असं काही अभ्यासक म्हणतात. वर समोरच्याकडे हुकमाचं पान आहे, साधारण त्याच वर्षांत साथ आली तेव्हा त्याच सिप्रियनने मरणाबद्दल लिहिलं की आपली माणसं हरवली नाहीत, पुढे गेलीत, शोक करू नका, ती ख्रिस्ताकडे गेली. त्यात शुद्धीकरणाचा उल्लेखच नाही. कॅथलिक म्हणणार की ते सांत्वनाचं लिखाण आहे, मयताच्या घरी जाऊन कोण सांगतं की तुमचा माणूस अजून भाजतोय. हे पण खरंच. मला विचाराल तर हा कोट बरोबरीत सोडून द्यावा, पण यावर अर्धा तास भांडायला हरकत नाही.

चौथा अर्थात ऑगस्टीन. त्याच्या एकाच पुस्तकात, ४२१ च्या सुमारास लिहिलेल्या एन्किरिडियनमध्ये, दोन ठिकाणं शेजारीशेजारी ठेवून वाचा. एके ठिकाणी तो ठाम आहे, की जिवंत आप्तांच्या भक्तीने मेलेल्यांच्या आत्म्यांना आराम मिळतो हे नाकारता येत नाही, पण ज्यांनी जगताना तशी लायकी मिळवली त्यांनाच. दुसऱ्या ठिकाणी, शुद्ध करणाऱ्या आगीबद्दल, तो चाचपडत बोलतो, की मृत्यूनंतर असलं काहीतरी होणं अशक्य नाही, तसं आहे का याचा शोध घेता येईल. "देवाचं नगर" या मोठ्या ग्रंथात तर आगीबद्दल म्हणतो की मी विरोध करत नाही कारण कदाचित खरं असेल, आणि त्याच भागात थोडं आधी सरळ लिहितो की तात्पुरत्या शिक्षा काहींना इथेच, काहींना मेल्यावर, काहींना दोन्हीकडे भोगाव्या लागतात. आता पिवळ्या अक्षरातली इमेज कुठली ओळ घेणार ते इमेज बनवणारा कोणत्या पार्टीचा यावर आहे. पण दोन्ही ओळी टेबलावर ठेवल्या की चित्र छान स्पष्ट होतं, प्रार्थनेबद्दल ऑगस्टीन पक्का, शिक्षेबद्दल बऱ्यापैकी पक्का, आगीबद्दल कच्चा. आणि त्याची आई मोनिका ३८७ मध्ये ओस्तियाला मरताना म्हणाली की शरीर कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, हे त्याने कन्फेशन्समध्ये लिहिलंय, त्यावर मात्र कोणी फारसं भांडत नाही.

पूर्वेकडचा एक मुद्दा प्रोटेस्टंट बाजूने जरूर काढावा, कारण तो खरंच दमदार आहे. पूर्वेच्या जुन्या उपासनांमध्ये प्रेषित, हुतात्मे, अगदी मरियेसाठीसुद्धा अर्पण करतो असं म्हटलेलं सापडतं, मग काय ते सगळे शुद्धीकरणात होते? म्हणजे मेलेल्यांसाठी प्रार्थना असली म्हणून पर्गेटरी आलीच असं नाही. याचं कॅथलिक उत्तर पण तयार ठेवा. चौथ्या शतकातल्या यरुशलेमच्या सिरिलच्या नावावरच्या शिकवणीत दोन गट केलेत, संतांचं स्मरण त्यांच्या मध्यस्थीसाठी, बाकीच्या मृतांसाठी मात्र विनंती, आणि तिचा त्यांना मोठा फायदा होतो असं तो म्हणतो. ऑगस्टीनही म्हणतो की हुतात्म्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्याचा अपमान. आणि याच शतकात एरियस नावाच्या एका धर्मगुरूने (नाईसियावाला तो अरियस वेगळा, नावावरून घोळ होतो) मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला म्हणून विरोध केला, तर सायप्रसचा बिशप एपिफानियसने त्याला पाखंड्यांच्या यादीत टाकलं. विरोध झाला होता हे प्रोटेस्टंटांना उपयोगी, विरोध करणारा वेगळा पडला हे कॅथलिकांना.

आधाराचं माप ठरवा

"आधार आहे" म्हणजे नक्की काय हे न ठरवता बसलात तर रात्रभर बसाल. मी सोपं करतो. एखादं जुनं वाक्य शिकवणीच्या आड येत नाही, ही सगळ्यात खालची पायरी. वाक्य तिच्याकडे बोट दाखवतं, ही वरची. लेखक तीच गोष्ट स्वतः मानतो, ही त्याहून वरची. आणि लेखक म्हणतो की हे सगळ्या चर्चने मानायचं आहे, ही सगळ्यात वर. प्रत्येक कोट कुठल्या पायरीवर हे दोघांनी मिळून ठरवायचं, कागदावर लिहायचं. रोमचा पोप ग्रेगरी, ५९३-५९४ च्या सुमाराला, हलक्या चुकांसाठी न्यायाच्या आधी शुद्ध करणारी आग आहे असं मानलं पाहिजे असं म्हणतो, तो वरच्या पायरीला पोचतो, पण तोवर सहावं शतक संपत आलंय.

गप्प राहणाऱ्यांचं काय? डिडाखे या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात पर्गेटरी नाही हे खरं, पण ते छोटं हातपुस्तक आहे, त्यात पुष्कळ काही नाही. मौन तेव्हाच मोजायचं जेव्हा लेखकाने तिथे बोलायलाच हवं होतं. म्हणून सिप्रियनचं साथीवरचं लिखाण मोजण्यासारखं, डिडाखे नाही.

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय कोणीतरी काढणारच, यहूदा मक्काबीने मेलेल्या सैनिकांसाठी यरुशलेमला चांदी पाठवली तो. प्रोटेस्टंट बायबलात ते पुस्तकच नाही, त्यामुळे शास्त्र म्हणून ते इथे टेकत नाही, यहुद्यांत अशी रीत होती याचा इतिहास म्हणून मात्र दोघांना चालतं. समोरचा हुशार असेल तर म्हणेल की त्या सैनिकांच्या कपड्यात मूर्तींचे ताईत सापडले होते, ते तर मोठं पाप, पर्गेटरीवालं लहान नाही. त्यावर कॅथलिकांकडे उत्तर आहे, पण मला ते जरा ओढूनताणून वाटतं, म्हणून मी हा अध्याय वापरत नाही.

मोठा प्रश्न शेवटी येतो तो वाढीचा. लेरिन्सचा विन्सेंट हा साधू, ४३४ साली, म्हणाला की सगळीकडे, सगळ्या काळी, सगळ्यांनी जे मानलं ते धरा. प्रोटेस्टंट हे वाक्य वापरतात. तोच विन्सेंट त्याच पुस्तकात पुढे म्हणतो की शिकवण वाढते, मूल मोठं होतं तशी, फक्त तिची जात बदलत नाही. कॅथलिक हे वापरतात, आणि न्यूमन या इंग्लंडमधल्या अँग्लिकन धर्मगुरूने १८४५ मध्ये यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी कॅथलिक झाला. तुम्ही वाढ मान्य करता का, हे सुरुवातीलाच विचारा. न करणाऱ्याला पहिल्या शतकातच पूर्ण शिकवण हवी असते, ती त्याला मिळणार नाही. करणाऱ्याला दाखवावं लागेल की ही वाढ आहे, भलतंच कलम नाही, आणि "वाढ" म्हटलं की काहीही खपतं असं नाही. आणि हो, पर्गेटरी हे नाव बाराव्या शतकात रुळलं म्हणून शिकवण तेव्हाची, हा मुद्दा कोणी काढू नका, त्रैक्य हे नावही बायबलात नाहीये.

बसायचं कसं

ग्रुपवर नको, समोरासमोर बसा. चार-पाच जण, ओटीवर, जेवणाआधी, जेवणानंतर लोक पेंगतात. मयताच्या घरी नाही, महिन्याच्या मिस्सेला नाही, आणि २ नोव्हेंबरच्या आठवड्यात तर अजिबात नाही, त्या आठवड्यात कोणाची तरी आई ताजी गेलेली असते. घरातली मोठी माणसं बसली असतील तर त्यांना परीक्षक करू नका, ती नात्याने निकाल देतात. फादरांना किंवा पास्टरांना बोलवायचं तर दोघांना बोलवा, नाहीतर कोणालाच नको.

प्रत्येकाने तीनच लेखक आणायचे, मूळ उतारा छापून, निदान एक पान. आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, तो "हो, हेच म्हणतोय" म्हणाला की मग उत्तर. आमच्याकडे हा नियम आणल्यापासून निम्मे वाद आपोआप मिटले, कारण निम्मे लोक समोरच्याने न म्हटलेल्या गोष्टीवर भांडत होते. एकदा तर भाऊजींनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, बहीण अजून चिडवते.

बोलताना "तुमच्या चर्चने लपवलं", "तुम्ही कालचे लोक" हे दोन शब्दप्रयोग बंद. पोर्तुगीजांनी बाटवलं की मिशनऱ्यांनी, हा विषय पण बंद, तो वेगळ्या दिवशी.

शेवटी निकाल नोंदीनुसार लिहायचा, एकच हार-जीत नाही. माझा स्वतःचा असा, की मेलेल्यांसाठी प्रार्थनेला दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून भक्कम आधार आहे (आजच्या तुर्कस्तानात येणाऱ्या फ्रिगियातल्या अबेर्कियसने तर आपल्या थडग्यावरच वाचणाऱ्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी असं कोरून घेतलं होतं), ती उपयोगी पडते या समजुतीला पण चांगला आहे, शुद्धीकरणाला आधार आहे पण प्रत्येक लेखकाचं चित्र वेगळं, उरलेल्या शिक्षेला ऑगस्टीनपासून, आणि इंडल्जन्सला त्या काळात नाही. भाऊजी तिसऱ्या नोंदीवर "बोट दाखवतं" यापुढे जायला तयार नाहीत, आणि सिप्रियन बघता त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे.

हे जमलं की पुढचा विषय म्हणून मरियेचं स्वर्गोन्नयन (तिला देहासकट स्वर्गात घेतलं ही शिकवण) घ्या, १९५० साली जाहीर झालेलं. ते याहून अवघड आहे, तिथे उतारे कमी आणि मौनच जास्त मोजावं लागतं. सुरुवात एपिफानियसपासून करा, त्याने ३७७ च्या सुमारास लिहून ठेवलंय की तिचा शेवट कसा झाला हे कोणालाच माहीत नाही, आणि हे एकच वाक्य दोन्ही बाजू आपापल्या खिशात घालायला बघतात.